ठाकुमाला मी फोटोतून पुसलं

कोलकात्यात डमडमच्या ज्या स्टुडिओत मी नोकरी करते तिथे माझं काम जुनी जंगलं स्वच्छ करायचं आहे. परदेशातली जंगलं. कुठल्या तरी थंड देशातला फोटोग्राफर शेकडो वर्षांच्या ओक वृक्षांचे फोटो पाठवतो आणि आम्ही ते हॉटेलांच्या भिंतींवर चिकटवायच्या कागदासाठी तयार करतो. फोटोंसोबत सूचना येतात. वाळक्या फांद्या काढा. पडलेलं खोड काढा. शेवाळ वाढवा. धुकं घाला.

धुकं घाला! जणू आमटीत मीठ घालायचं आहे.

आमचे स्टुडिओचे दादा मला ‘बर्गी’ म्हणतात. पावणेतीनशे वर्षांपूर्वी मराठी घोडेस्वार, म्हणजे बर्गी, बंगालात लुटालूट करून गेले, त्याचं उट्टं इथे अजून अशा लाडक्या हाका मारून काढलं जातं. नागपूरकडच्यांनी केलं ते बालीगंजात भाड्याने राहणाऱ्या मुलीने ऐकायचं. मी ऐकून घेते. पण एक दिवस पडलेल्या खोडावरून आमचं वाजलं.

“दादा, हे खोड काढलं तर जंगल जुनं कसं दिसणार? जुन्या जंगलात मेलेली झाडं पडलेलीच असतात. ती कुजतात, तिथेच पुढची उगवतात. पडलेलं खोड नसलेलं जंगल म्हणजे बाग.”

“बर्गी, गिऱ्हाईक हॉटेलात झोपायला येतं. समोर मढं बघून त्याला झोप येईल?”

“पण हे खोटं आहे.”

“भिंतीचा कागद आहे, बाळा. कोर्टातली साक्ष नाही.”

मी खोड काढलं. घरी येऊन सगळा राग बाबांवर काढला, कारण तो काढायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

बाबा सरकारी बँकेतले अधिकारी. मी आठवीत असताना त्यांची बदली इथे झाली आणि ते निवृत्त झाल्यावरही आम्ही इथेच राहिलो. पण बँक हा त्यांचा जोडधंदा. खरा व्यवसाय युनियन. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर ताटांखाली पत्रकांची प्रूफं असत. मी आयुष्यात पहिल्यांदा अडखळत वाचलेले शब्द ‘जाहीर निषेध’ असे होते, आणि त्याचं कौतुक म्हणून मला पेढा मिळाला होता. चार ओळींत म्हणणं मांडायचं, विशेषण वापरलं तर त्याचा पुरावा जवळ ठेवायचा, आणि सभेचा फोटो छापताना मागच्या रिकाम्या खुर्च्या कापायच्या, हे माझं बालशिक्षण. यातल्या तिसऱ्या धड्यात काही खोट आहे असं मला सव्वीस वर्षं वाटलं नाही. ते वाटण्याची वेळ एका मास्टरमशायांमुळे आली.

मास्टरमशाय म्हणजे हावड्याहून गाडीने तीन तासांवरच्या एका खेड्यातले प्राथमिक शाळेचे शिक्षक. आमच्या गल्लीतली झाडं तोडली गेली तेव्हा मी एक पत्रक काढलं होतं. ते कुणाच्या तरी पिशवीतून त्यांच्यापर्यंत पोचलं, आणि त्यावरच्या नंबरावर त्यांनी फोन केला. त्यांच्या गावाबाहेर एक थान आहे. आपल्याकडच्या देवराईसारखं; साल जातीची प्रचंड झाडं, मधे मोह, टेंभुर्णी, बिब्बा, आणि बुंध्याशी देवाची जागा. तिथली काडीही कोणी उचलत नाही. रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि नकाशावरची रेघ थेट त्या थानातून गेली. कागदावर त्या जागेचं वर्णन होतं: पडीक झुडपी जमीन, वापरात नाही.

“आम्ही हरकत घेतोय,” मास्टरमशाय म्हणाले. “लिहून दिलंय की जागा फार जुनी आहे आणि रोज वापरात आहे. पण साहेब म्हणतात, फोटो जोडा. आमच्याकडे फोटो म्हणजे लग्नातले.”

वापरात नाही, एवढं कागदावर खरं ठरलं की झाडं जाणार. म्हणजे काय दाखवायचं होतं ते पुरेसं स्पष्ट होतं. मला सोडून सगळ्यांना.

पहिल्यांदा गेले तेव्हा कडक ऊन होतं. उन्हात जंगलाचा फोटो काढणं हा निव्वळ मनस्ताप असतो. पानांतून ऊन गळतं, ते जिथे पडतं तिथे पांढरे डाग आणि बाकी सगळा काळोख. डोळ्यांना जे भव्य दिसतं ते पडद्यावर कुणी चुन्याचे शिंतोडे उडवल्यासारखं दिसतं. चौकट म्हणून सापडत नाही. एक झाड घ्यावं तर त्याच्यापुढे दुसऱ्याची फांदी आलेली. मागे सरकावं तर पाठीला तिसरं. सबंध दिवस घालवून मी तीनशे निरुपयोगी फोटो आणि मुंग्यांचे चावे घेऊन परत आले.

दुसऱ्यांदा ढगाळ दिवस बघून गेले. प्रकाश मऊ होता, सालाच्या बुंध्यांवरच्या उभ्या भेगा स्पष्ट दिसत होत्या. मी कॅमेऱ्याची तिवई लावली. आणि चौकटीच्या बरोबर मधे एक म्हातारी खराटा घेऊन झाडायला लागली. नायलॉनची भडक गुलाबी साडी.

तिला गाव ठाकुमा म्हणतं, म्हणजे आजी. थान झाडायचं काम तिच्या घराकडे. आत शिरताना तिने मला चपला काढायला लावल्या होत्या, तिवईच्या पायांना लागलेला चिखलही पुसायला लावला होता.

“ठाकुमा, जरा बाजूला होता का?” मी माझ्या इतक्या वर्षांनीही मोडक्याच राहिलेल्या बंगालीत विचारलं.

“कुठे होऊ? झाडायचं इथे आहे.”

“पाच मिनिटं फक्त.”

“मग तू पाच मिनिटं थांब. तुझं झाड कुठे पळून चाललंय?”

ती काही थांबली नाही. ती जागा अर्धवर्तुळात झाडून काढायची, पण त्यातही एक शिस्त होती: पानं सारायची, पडलेल्या फांद्यांना हात लावायचा नाही. एक भलंमोठं खोड कधीचं आडवं पडलं होतं, त्याला ती वळसा घालून झाडत होती. आणि मोठ्या सालाच्या बुंध्याशी मातीच्या घोड्यांचा ढीग. नवस फेडायला लोक तिथे मातीचा घोडा आणून ठेवतात. तो फुटला तरी टाकायचा नाही, नवा त्याच्याशेजारी ठेवायचा. वरचे घोडे धड होते, मधल्यांच्या माना गेलेल्या, आणि खाली तर नुसते तुकडे, कौलं फुटून पडावीत तसे.

घरी आल्यावर मी तीन दिवस त्या फोटोंवर काम केलं. प्रत्येक भागाचा उजेड वेगळा सांभाळला, हिरव्या रंगाला ताब्यात ठेवलं, कारण जरा ढील दिली की साल प्लास्टिकचे दिसायला लागतात. सर्वांत चांगला फोटो अर्थातच ठाकुमा मधे आलेला होता. बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

“वा! काय झाड आहे! ही कोण मधेच?”

“तिथे झाडणारी आजी.”

“नजर तिच्याकडेच जाते गं. झाडाकडे जायला हवी.”

“तेच म्हणतेय मी.”

“मग?”

मग काय. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार होता: ‘मानवी हात न लागलेलं प्राचीन वन’. शहरातली माणसं गुलाबी साडी बघतील आणि म्हणतील, हे कसलं जंगल, ही तर गावामागची जागा. त्यांना हळहळायला लावायचं तर जंगल जंगलासारखं दिसायला हवं. मी ठाकुमाला पुसलं. दोन गुटख्याच्या पुड्या पुसल्या. फुटक्या घोड्यांचा ढीग खरंच कौलांच्या राड्यासारखा दिसत होता, तोही पुसला. आडवं खोड बुंध्याच्या रेषा तोडत होतं. तेही गेलं. स्टुडिओत ज्यावरून मी भांडले तेच काम मी घरी बसून, कोणी न सांगता, तत्त्वासाठी केलं, आणि फार सुंदर केलं. सरावाचा हात होता.

पत्रक निघालं. लोकांनी भरपूर हळहळ व्यक्त केली. मास्टरमशायांना तर फोटो एवढा आवडला की त्यांनी तोच मोठा छापून हरकतीच्या फायलीला लावला. मीही बाकीचे फोटो याच हाताने नीटनेटके करून पाठवले. मूळ फोटो मागायचं त्यांना सुचलं नाही आणि द्यायचं मला.

सुनावणीला मी मुद्दाम रजा काढून गेले. बोलायला मिळालं तर काय बोलायचं याचे मुद्दे लिहून नेले होते, सात मुद्दे. महकुमा, म्हणजे आपल्याकडच्या प्रांत कार्यालयातली लांबट खोली, भिंतीला लागून बाक, आणि टेबलामागे एक सौम्य, चष्मा लावलेले साहेब. ते रागावणारे असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फोटो उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाशी नेला.

“सुंदर,” ते म्हणाले. “कोणी काढला?”

“मी.”

“बरं. अर्जात लिहिलंय, इथे रोज लोक येतात, नवस बोलतात. या फोटोत माणूस नाही. देवाची जागा नाही. काही ठेवलेलं नाही.” त्यांनी बाकीचे पाचसहा फोटो उलटले. “कशातच नाही.”

मास्टरमशाय खुर्चीत ताठ झाले. “साहेब, ठाकुमा रोज झाडते. ही बघा, झाडलेली जागा दिसते आहे.”

खरंच दिसत होती. पाचोळ्यात स्वच्छ अर्धवर्तुळ. ते पुसायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“दिसते,” साहेब म्हणाले. “कोणीतरी आत्ताच झाडून ठेवल्यासारखी. झाडणारी कुठे आहे?”

मास्टरमशायांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच वाटत होतं की मला माहीत असेल ती कुठल्या झाडामागे आहे.

“मी काढून टाकली,” मी म्हटलं.

“काढून म्हणजे?”

“फोटोतून. ती होती. घोड्यांचा ढीगही होता. एक पडलेलं खोड होतं.” मी मोबाइल काढला. “मूळ फोटो माझ्याकडे आहेत, हे बघा, सगळे आहेत.”

साहेबांनी मोबाइलकडे बघितलंच नाही. “मा,” ते म्हणाले, इथे मुलीला असं म्हणतात, “एक फोटो तुम्ही बदललात. आता दुसरा दाखवून हा खरा म्हणता. समोरचे उद्या म्हणतील, म्हातारी नंतर चिकटवली. मी काय सांगू त्यांना?”

“पण मी खोटं बोलत नाहीये!”

“मला माहीत आहे. मी फाइलबद्दल बोलतोय. जागा जुनी कशावरून म्हणू? झाडाच्या बुंध्यावर तारीख नसते.”

त्यांनी फोटो बाजूला ठेवायला सांगितले आणि कारकुनाला दोन आठवड्यांनंतरचा दिवस जागेच्या पाहणीसाठी लिहून घ्यायला सांगितलं. पाहणीत काही दिसलं तर ठीक, नाहीतर हरकत निकालात निघणार. माझे सात मुद्दे पर्समध्येच राहिले.

बाहेर चहाच्या टपरीवर मास्टरमशायांनी माझ्याही चहाचे पैसे दिले. ओरडा, असं मला सांगावंसं वाटत होतं. चहा संपल्यावर त्यांनी मातीचा कप खाली ठेवला.

“लहानपणी आम्हाला झोपवताना भीती घालायचे, बर्गी येतील म्हणून,” ते म्हणाले. “एवढ्या वर्षांत एक आला नाही. आणि आला तो कोलकात्याहून तिकीट काढून आला आणि आमची ठाकुमा घेऊन गेला.”

मी हसायचं की रडायचं हे ठरेपर्यंत त्यांची बस आली.

घरी बाबा म्हणाले, “हेतू चांगला होता ना तुझा?” या वाक्याने मी जेवढी चिडले तेवढी साहेबांवरही चिडले नव्हते. हेतू! फायलीत हेतू कुठल्या पानावर लावतात? बाबांना तसं विचारलं तर त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. आमच्याकडे हरलेल्या वादाची ही खूण आहे.

पाहणीच्या दिवशी मी कॅमेरा नेला नाही. नेऊ नका असं मास्टरमशायांनी फोनवर सांगितलंच होतं, अगदी नम्रपणे, दोनदा. साहेब कारकुनाला घेऊन जीपमधून आले. थानाच्या कडेला ठाकुमा खराटा घेऊन उभी होती. तिने साहेबांना बूट काढायला लावले. कारकुनाच्या मोज्याला भोक होतं ते बघून ती खुदकन हसली. मग साहेबांनी, बहुधा चौकशीचा भाग म्हणून, फायलीतला तो मोठा फोटो तिच्यापुढे धरला.

“ही तुमचीच जागा ना?”

ठाकुमाने फोटो हातात घेतला. मोठा साल बोटाने ओळखला. मग झाडलेल्या अर्धवर्तुळावर तिचं बोट थांबलं.

“त्या दिवशी मी इथे होते,” ती म्हणाली. “ही पोरगी तिवई घेऊन उभी होती. मी कुठे आहे?”

मास्टरमशाय झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागले.

“मी पुसलं,” मी म्हटलं. बंगालीत पुसण्याला नेमकं काय म्हणतात ते त्या क्षणी आठवेना, म्हणून हाताने हवेत पुसून दाखवलं. ते शब्दापेक्षा वाईट दिसलं.

“का गं?”

“फोटो चांगला दिसावा म्हणून.”

ठाकुमाने साहेबांकडे वळून सांगितलं, “पोरीला मी कचरा वाटले.” आणि मला म्हणाली, “मी मेल्यावर पुसायचं होतंस. घाई काय होती?”

ती चिडलेली नव्हती. तेच सहन होत नव्हतं. तिने फोटो साहेबांना परत दिला आणि विषय संपल्यासारखी पुढे चालायला लागली.

ढिगापाशी साहेब उकिडवे बसले. खालचे तुकडे किती जुने आहेत ते बघायला त्यांनी हात पुढे केला तर ठाकुमाचा खराटा मधे आला. हात लावायचा नाही. “मग मला कळणार कसं?” साहेबांनी विचारलं. “विचार ना,” ती म्हणाली.

मग तिने वरच्या घोड्यापासून सुरुवात केली. हा गेल्या पौषात, धाकट्या सुनेला जुळं झालं तेव्हा. हा बस कालव्यात गेली आणि आमचा माणूस वाचला तेव्हा. हा कान नसलेला, शाळेला छप्पर आलं तेव्हाचा, गावाने मिळून ठेवला. हा एका बाईने नवऱ्याची दारू सुटावी म्हणून ठेवला, सुटली नाही, म्हणून तिने शेजारी दुसरा ठेवला. मास्टरमशाय तिचं बोलणं सोपं करून सांगत होते, साहेब स्वतः लिहून घेत होते, कारकून त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. पानं उलटत गेली. माना गेलेल्या थरापाशी ती जरा अडखळायला लागली. हा पुराच्या साली. हा माझ्या लग्नाचा, सासऱ्याने ठेवला. मग ती थांबली.

“आणि याखालचे?”

“याखालचे माझ्या सासूला माहीत होते.”

साहेबांनी तेही लिहिलं. आडव्या खोडाचंही तिने सांगितलं: तिच्या थोरल्याच्या जन्माच्या पावसाळ्यात ते पडलं, आणि तो थोरला आता आजोबा झालाय.

निकाल दीड महिन्याने आला. रस्त्याची रेघ थानाला वळसा घालून गेली. आदेशात एक वाक्य असं आहे की अर्जदारांनी जोडलेली छायाचित्रं विचारात घेतलेली नाहीत. मास्टरमशायांनी मला आदेशाची प्रत पाठवली तेव्हा त्या वाक्याखाली रेघ मारलेली नव्हती. मारली असती तर बरं वाटलं असतं.

पण पाहणीच्या त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. अहवालाला एक फोटो लागणार होता, म्हणून कारकुनाने आपला मोबाइल काढला. ठाकुमा ढिगाशेजारी उभी राहिली, खराटा दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून. तिच्या मागे फांद्यांतून ऊन येत होतं. म्हणजे तिचा चेहरा काळा ठिक्कर येणार आणि घोडे पुन्हा फुटक्या कौलांसारखे दिसणार, हे मला लांबूनच कळलं. आणि तसंच झालं. कारकुनाने फोटो सगळ्यांना दाखवला. चौकट तिरकी, कोपऱ्यात त्याचं बोट.

मला राहवलं नाही.

“साहेब, पुसत काही नाही. नुसता उजेड जरा...”

“नाही!” साहेब, मास्टरमशाय आणि कारकून एकदम म्हणाले. काय चाललंय ते पुरतं न कळूनही ठाकुमाने त्यांच्याबरोबर मान हलवली, आणि मला थानाच्या बाहेर, जिथे चपला काढल्या होत्या तिथे जाऊन उभं राहायला सांगितलं.